हलकी रायफल घ्यायची म्हणतोय, पण धक्का झेपेल का?

चढणवाला
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. तर विषय असा, माझ्याकडे .३०-०६ काडतुसाची जुनी लाकडी दस्त्याची रायफल आहे. स्कोप (वरची दुर्बीण), पट्टा, काडतुसं सगळं धरून ४.३ किलो भरते. चालते झकास, नेमाबद्दल तक्रार नाही, पण शिकार सगळी डोंगरातली, दिवसभर चढउतार, आणि दुपार कलली की ती या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरायला लागते, मग जनावर समोर येतं तेव्हा हात आधीच थरथरत असतात. म्हणून आता हलकी घ्यायचीय. जनावर म्हणाल तर हरणंच, कधीमधी रानडुक्कर, अंतर बहुतेक वेळा २०० मीटरच्या आत, फार तर ३००. परवाना वगैरे सगळं रीतसर आहे, ते आधीच सांगतो.

दुकानात एक सव्वादोन किलोची .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या मोठ्या काडतुसाची, हातात घेतली. खांद्याला लावली आणि खाली ठेववेना हो! दुकानदार म्हणाला हीच घ्या, कुठल्याही जनावराला पुरेल. धक्क्याचं विचारलं तर म्हणे सवय होते. होते का खरंच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकटसल्ला
होते ना सवय. डोळे मिटून चाप ओढायची. 😀

भौतिकवाला
फुकटसल्ला यांनी गमतीत खरं तेच सांगितलंय. मी जरा आकड्यांत सांगतो, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

गोळी आणि काडतुसातल्या दारूचा वायू जेवढा संवेग (वजन गुणिले वेग) घेऊन पुढे जातात तेवढाच रायफलीला मागे मिळतो, यात कुणाची हुशारी चालत नाही. .३०८ विंचेस्टर घ्या. १५० ग्रेनची गोळी म्हणजे ९.७ ग्रॅम, वेग ८६० मीटर प्रति सेकंद. आत दारू साधारण ४५ ग्रेन, म्हणजे २.९ ग्रॅम. ती जळून जो वायू होतो तो गोळी सुटल्यावर नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही जोरात बाहेर पडतो, हिशोबाला गोळीच्या वेगाच्या पावणेदोन पट धरतात. म्हणजे गोळीचा वाटा ८.३, वायूचा ४.४, एकूण १२.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. रायफल ३.६ किलोची असेल तर ती साडेतीन मीटर प्रति सेकंदाने मागे येते आणि खांद्यात २२ ज्यूल ओतते. तीच २.७ किलोची केली की वेग ४.७ आणि ऊर्जा ३० ज्यूल. वजन पावपट उतरलं आणि धक्का एक तृतीयांशाने चढला.

आता तुमची केस. कॅटलॉगातलं सव्वादोन किलो हे नागड्या रायफलीचं वजन. त्यावर स्कोप, तो बसवायचे माउंट, पट्टा आणि काडतुसं चढली की ती २.९ च्या आसपास जाते, आणि धक्का याच वजनावर मोजायचा. या २.९ किलोत वेगवेगळी काडतुसं घातली तर माझा हिशोब असा येतो: .२४३ विंचेस्टर १७ ज्यूल, ६.५ क्रीडमूर २३, ७ एमएम-०८ रेमिंग्टन २४, .३०८ ला २८ आणि तुमच्या दुकानातल्या .३०० मॅग्नमला ५५. गोळीचं वजन, दारू बदलली की एकदोन ज्यूल इकडेतिकडे होतील.

आणि तुमची सध्याची ४.३ किलोची .३०-०६? साधारण २५. म्हणजे ज्या धक्क्याची तुम्हाला खरोखरच सवय आहे, तोच धक्का जवळजवळ दीड किलो कमी वजनात ६.५ किंवा ७ एमएम-०८ मध्ये मिळतोय. मॅग्नम घेतलीत तर दुपटीहून जास्त.

एक मेख आहे. ऊर्जा सारखी असली तरी हलकी रायफल जास्त वेगाने मागे येते, तुमची जुनी ३.४ मीटर प्रति सेकंदाने येत असेल तर ही ४.१ ने. म्हणून तोच आकडा जुनीत ढकलल्यासारखा वाटतो आणि हलकीत चापट बसल्यासारखा. पहिल्या दिवशी हे जाणवणारच, तयारीत राहा.

तांबडीमाती
दंडवत. वाचनखूण साठवली.

चढणवाला
भौतिकवाला, शतशः धन्यवाद. जुनीचाच धक्का राहणार असेल तर चिंताच मिटली. पण मनात एक किडा आहे, आमच्या ग्रुपमधले एकजण ६.५ ला 'पोरांचं काडतूस' म्हणतात. डुकराला पुरेल का?

मृगनक्षत्र
त्या गृहस्थांना सांगा की ६.५×५५ हे काडतूस १८९४ पासून आहे आणि स्वीडन-नॉर्वेत लोक पिढ्यानपिढ्या त्याने मूस मारतायत, घोड्याएवढं जनावर ते. क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नाडी या काडतूस कंपनीने आणलं, काम जवळपास तेच, फक्त आखूड अ‍ॅक्शनमध्ये (काडतूस आत घेऊन बंद करणारा रायफलीचा मधला भाग) बसतं त्यामुळे रायफलीचं वजन थोडं अजून वाचतं. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) तोंडाशी बारीक केलेली, १९८० पासून बाजारात आहे आणि कामाला जुन्या ७×५७ माउजरची धाकटी बहीण. २०० मीटरच्या आत यातलं काहीही हरणाला, डुकराला उत्तम. जनावर पडतं ते गोळी कुठे लागली आणि आत गेल्यावर कशी वागली त्यावर. डुकराच्या खांद्यासाठी जाड कवचाची, म्हणजे बाँडेड किंवा अख्खी तांब्याची गोळी घ्या आणि कॅलिबरचे वाद शेकोटीपुरते ठेवा.

.२४३ चं नाव वर आलंय म्हणून, धक्क्याच्या बाबतीत ते सोन्यासारखं आहे, पण आधी कायदा बघा. उदाहरणार्थ जर्मनीत रेड डियर, डुक्कर यांच्यासाठी कमीत कमी ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात, तिथे .२४३ बसतच नाही, छोट्या रो डियरला चालतं. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांना किमान .२४० इंच आणि नळीशी १७०० फूट-पौंड, तिथे .२४३ काठावर पास. प्रत्येक ठिकाणी वेगळं. आधी नियम वाचा, मग पैसे मोजा.

फुकटसल्ला
आणि आफ्रिकेतला तो जुना हत्तीशिकारी कारामोजो बेल? त्याने तर ७×५७ ने हत्ती पाडले ढिगाने. मग डुकराचं काय घेऊन बसलात.

मृगनक्षत्र
बेलचं नाव निघाल्याशिवाय असला एकही धागा संपत नाही. 🙏 अहो, तो हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू कुठे बसतो ते बघून ठेवणारा माणूस. न पसरणाऱ्या सॉलिड गोळ्या वापरायचा, जवळ जायचा आणि नेम अफाट. त्यातून घ्यायचं तर एवढंच की कमी धक्क्याच्या रायफलीने माणूस गोळी हव्या त्या जागी टाकू शकतो. सात एमएम हत्तीची बंदूक आहे असा अर्थ कृपया कुणी काढू नका.

सायली_न
सगळे काडतुसावरच बोलताय, दस्त्यावर कुणीच नाही. माझी उंची बेताची, त्यामुळे मला हे फार आधी शिकावं लागलं. दुकानातल्या बहुतेक रायफलींची चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी ३४-३५ सेंटिमीटर असते, सरासरी पुरुषाच्या मापाची. ज्याला ती लांब पडते तो मान पुढे ताणतो, दस्ता खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडाच्या हाडावर जातो आणि मग रायफल 'फार मारते'. ती मारत नाही हो, चुकीच्या जागी लागते. उलट दस्ता फार आखूड असेल तर चापाच्या हाताचा अंगठा नाकावर आणि स्कोप भुवईवर.

दुकानात बघायचं असेल तर आधी दुकानदाराकडून रायफल रिकामी आहे याची खात्री करून घ्या, स्वतःही चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) बघा. मग डोळे मिटा, ती खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा आणि डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर मापाची आहे. काठाला काळी कड दिसली, डोकं वरखाली मागेपुढे करावं लागलं, तर ते माप बदलून घ्या किंवा दुसरी बघा. आणि हे जाड जॅकेट घालून करा, शिकारीला आपण टीशर्टवर जात नाही. काही कॉम्पॅक्ट मॉडेलना दस्त्याच्या मागे स्पेसर (जाडी वाढवणाऱ्या चकत्या) येतात, काढले की आखूड, घातले की लांब. घरात दोघं वापरणार असाल तर तेच बघा.

दस्त्याचा आकारही बघा. मागचं टोक नळीच्या रेषेपेक्षा खूप खाली उतरलेलं असेल, जुन्या लाकडी दस्त्यांना असतं तसं, तर नळी वर उसळते आणि दस्त्याची कड गालफडावर येते. सरळ दस्ता धक्का सरळ मागे देतो. हलकीत हे फार महत्त्वाचं. आणि मागे चांगलं मऊ रबरी पॅड, कडक प्लास्टिकचं असेल तर पहिल्या दिवशी बदला. लिंबसेव्हर किंवा पॅकमायरचं डिसेलरेटर, दोन्ही चांगली. पॅडने ऊर्जा कमी होत नाही पण ती जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरते, खांद्याला तेवढंच हवं असतं.

तांबडीमाती
सायलीताई +१. जॅकेटचा मुद्दा कुणी सांगतच नाही.

निशाण_काका
पोरांनो, मी रेंजवर लोकांना शिकवतो म्हणून थोडं. धक्क्याने खांदा दुखतो हे खरं, पण नेम खांद्यामुळे जात नाही, नेम जातो तो दचकण्यामुळे. बार उडायच्या आधीच माणूस खांदा पुढे ढकलतो, डोळे मिटतो आणि चाप हळू दाबण्याऐवजी झटक्यात खेचतो. त्याला स्वतःला हे कधीच कळत नाही, तो स्कोपला शिव्या देतो.

हे पकडायचं एकच रामबाण. सोबत्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच डमी काडतूस भरायचं. तुम्हाला माहीत नसतं पुढचं खरं की खोटं. डमीवर चाप सुटला, नुसता 'टक' आवाज आला आणि नळीचं तोंड खाली डुबकी मारून वर आलं, की झालं, चोर सापडला. दोन मीटरवरून बघणाऱ्यालाही ती डुबकी स्पष्ट दिसते. आणि ज्याची नळी डुबकी मारते त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, पहिल्यांदा सगळे म्हणतात 'नाही हो काका, मी नाही'.

औषध म्हणाल तर त्या दिवसापुरती मोठी रायफल बाजूला. .२२ च्या छोट्या रायफलीवर या आणि ढीगभर गोळ्या झाडा. घरी कोरडा, म्हणजे काडतुसाशिवाय, सराव करा, पण काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेला आणि नेम अशा भिंतीवर की जिच्यापलीकडे कुणी नाही. मोठ्या रायफलींना कोरडा चाप बहुतेक चालतो, पण .२२ रिमफायरला डमीशिवाय करू नका, पिन चेंबरच्या काठावर आपटते. आणि मोठी परत हातात घ्याल तेव्हा एका बैठकीत थोडेच बार, कंटाळा यायच्या आधी थांबायचं. वीसवीस गोळ्या लागोपाठ मारून 'सवय' करणाऱ्यांना दचकायचीच सवय लागते.

कानाचंही सांगतो. निम्मा धक्का कानात असतो असं मी नेहमी म्हणतो, अगदी शब्दशः घेऊ नका. आत प्लग आणि वर मफ दोन्ही घाला, बघा तीच रायफल किती शहाणी वाटते ते.

टणत्कार
एवढं कशाला, मझल ब्रेक लावा, नळीच्या तोंडाला बसतो आणि वायू बाजूला वळवतो, विषय संपला. माझ्या .३०० वर आहे, .२४३ सारखी वाटते.

भौतिकवाला
ब्रेक काम करतो यात वाद नाही. तो फक्त वायूच्या वाट्यावर काम करतो, गोळीच्या नाही. .३०८ मध्ये वायूचा वाटा एकूण संवेगाच्या साधारण एक तृतीयांश, .३०० मॅग्नममध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून मॅग्नमवाल्यांना ब्रेक जास्त आवडतो आणि ६.५ वर लावला तर 'एवढंच?' असं वाटतं.

निशाण_काका
टणत्कार, विषय संपला नाही, कान संपले. मोठ्या रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या वर असतो आणि १४० च्या पुढे एका बारानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. ब्रेक तोच आवाज बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे तुमच्याकडे आणि शेजारी उभ्या माणसाकडे. रेंजवर सगळे कानात घालून बसतात हो, डोंगरात जनावर अचानक उठल्यावर किती जण घालतात?

टणत्कार
मी घालतो. इलेक्ट्रॉनिक मफ आहे, बारीक आवाज मोठा करून ऐकवतो, मोठा आला की बंद होतो. तुम्ही लोक नवीन काही घेतच नाही आणि मग नावं ठेवता.

निशाण_काका
तुमच्या वाटाड्याचं काय? तो बिनामफचा शेजारी बसलेला असतो.

टणत्कार
त्यालाही देतो ना राव!!

धागापाल
दोघांनाही विनंती, रायफलीवर बोला, एकमेकांवर नको.

मृगनक्षत्र
दोघांच्या मधला मार्ग आहे, सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा आवाज दाबणारा डबा. धक्काही बराच उतरतो आणि आवाजही. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंडमध्ये शिकारी सर्रास वापरतात, काही देशांत मात्र पूर्ण बंदी किंवा वेगळा परवाना, तेव्हा बघून घ्या. तोटा म्हणजे पुढच्या टोकाला तीनचारशे ग्रॅम लटकतात आणि लांबी वाढते, त्यामुळे सप्रेसर लावायचाच असेल तर मुळात आखूड नळीची रायफल घ्यावी. नळी आखूड केली की गोळीचा वेग थोडा पडतो पण २०० मीटरवर जनावराला त्याचा पत्ता लागत नाही.

ब्रेकबद्दल एकच, 'सरावाला लावतो, शिकारीला काढतो' असं बरेच जण करतात. करा, पण ब्रेक काढला की गोळी दुसरीकडे पडू शकते. काढून पुन्हा कागदावर तपासल्याशिवाय डोंगर चढू नका.

तांबडीमाती
माझाही एक प्रश्न यातच घुसडतो. ते रायफल घट्ट धरून ठेवणारे जड स्टँड मिळतात, ज्यावर वजनं टाकतात, त्यावर झीरो केलं (स्कोपचा नेम गोळीशी जुळवला) तर खांदा वाचेल ना?

निशाण_काका
खांदा वाचेल, दस्ता जाईल. रायफलीला मागे यायला जागाच ठेवली नाही तर तो सगळा जोर दस्ता आणि स्कोपचे माउंट खातात. दस्ता चिरलेला पाहिलाय मी. स्टँड वापरायचा तर वर वजनं न टाकता, थोडं सरकू द्यायचं. त्यापेक्षा साधी वाळूची लहान पिशवी खांदा आणि दस्त्याच्या मध्ये ठेवा. आणि टेबल उंच घ्या, ताठ बसा. वाकून टेबलावर झोपल्यासारखं बसलं की मागे जायला शरीराला वाव राहत नाही, सगळा धक्का गळ्याजवळच्या हाडात. उभं राहून मारलेला बार सगळ्यात हलका लागतो तो शरीर डोलतं म्हणूनच. शिकारीत तर कुणाला धक्का आठवतही नाही.

चढणवाला
काय ज्ञान सांडतंय इथे! बरं, प्रगती सांगतो. मॅग्नमचा नाद सोडला. आता दोनच उरलेत, टिक्का टी३एक्स लाइट नुसती साधारण २.९ किलोची, आणि दुसरी किंबरची, ती अडीचच्याही आत आहे. दोन्ही ७ एमएम-०८ मध्ये. जीव किंबरवर आहे. अजून एक, कार्बन गुंडाळलेली नळी घेतली तर अजून हलकी होईल ना?

भौतिकवाला
कार्बनवाली नळी त्याच जाडीच्या स्टीलच्या नळीपेक्षा हलकी असते, बारीक स्टीलच्या नळीपेक्षा नाही. हलक्या रायफलींना मुळातच पेन्सिलसारखी नळी असते, तिच्यापुढे कार्बन उलट जडच भरेल. तिचा फायदा वेगळा, ती जाड असल्यामुळे ताठ राहते. तुम्हाला वजनच उतरवायचं असेल तर स्कोपकडे बघा. ३०० मीटरच्या शिकारीला लोक सातआठशे ग्रॅमची दुर्बीण वर चढवतात, खाली टायटॅनियमची अ‍ॅक्शन आणि वर हा दगड. साधा २-७ किंवा ३-९ पट दाखवणारा साडेतीनशे ग्रॅमचा स्कोप पुरतो.

मृगनक्षत्र
टिक्का की किंबर यावर माझं मत टिक्का. दोनअडीच किलोची रायफल फक्त धक्क्याला वाईट नसते, स्थिर धरायलाही वाईट असते. धापा टाकत वर पोचल्यावर तिचं तोंड वाऱ्यावर हलतं. ते चारपाचशे ग्रॅम जास्त आहेत ना, ते तुम्ही चढताना शिव्या देत वाहाल आणि चाप ओढताना दुवा द्याल. ज्यांच्या शिकारी कित्येक दिवसांच्या, तंबू पाठीवर घेऊन, त्यांना किंबरच हवी, पण तुम्ही रात्री खाली उतरता असं दिसतंय.

चापही बघा. रायफल हलकी आणि चाप जड असेल तर बोटाच्या जोरानेच ती हलते. एक ते दीड किलोच्या मधे ठेवा, टिक्काचा घरच्या घरी जुळवता येतो.

सायली_न
मृगनक्षत्रशी असहमत. चढणवाला स्वतः लिहितायत की वर पोचेपर्यंत हात थरथरतात. तो थकवा जड रायफलीचाच आहे ना? मी अडीच किलोच्या आतली वापरते आणि पाठीवरची सॅक खाली टाकून तिच्यावर टेकवून मारते, हलण्याचा प्रश्नच येत नाही. स्थिरता टेकूतून येते, वजनातून नाही.

मृगनक्षत्र
टेकू मिळाला तर. गवत छातीभर असलं की सॅक काय कामाची?

सायली_न
मग बसून, पट्टा दंडाला गुंडाळून. उभ्याने २०० मीटर मारायला मी जड रायफलीनेही जाणार नाही.

टणत्कार
ब्रेक लावा. 😜

रानवाटा१२
मी हँडलोडिंग करतो, म्हणजे काडतुसं स्वतः भरतो, म्हणून एक. सरावासाठी हलके भरलेले राउंड हे धक्क्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध. हॉजडनच्या एच४८९५ दारूला कंपनीचाच नियम आहे, त्या काडतुसासाठी त्यांनी दिलेल्या कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. पण हे फक्त त्या दारूचं. दुसरी कुठलीही, विशेषतः सावकाश जळणारी दारू अशी मनाने कमी करू नका, अर्धवट भरलेल्या केसमध्ये दाब अचानक भलतीकडे जाऊन रायफल फुटलेली आहे लोकांची. जे मॅन्युअलमध्ये छापलंय तेवढंच. आणि भरायची कटकट नको असेल तर हॉर्नाडीची कस्टम लाइट मिळतात तयार. हलकी काडतुसं गोळी वेगळीकडे टाकतात, त्यावर झीरो ठेवून शिकारीला जाऊ नका.

चढणवाला
निर्णय झाला मंडळी. टिक्का, ७ एमएम-०८, सायलीताईंची माफी मागून. किंबर खांद्याला लावली तर दस्ता बसला पण स्कोपमध्ये काळी कड येत होती, टिक्कात डोळे उघडले की पूर्ण चित्र. जॅकेट घालून गेलो होतो, दुकानदार हसत होता. स्कोप साडेतीनशे ग्रॅमचा. पॅड बदलून घेतोय. आता कुणीतरी सांगा, हलकी रायफल पहिल्यांदा रेंजवर नेताना काय वेगळं करायचं? जुनी तर मी टेबलावर नुसती ठेवून मारायचो.

सायली_न
माफी कसली, डोळ्यासमोर चित्र आलं ना, मग तीच तुमची. अभिनंदन!

भौतिकवाला
नुसती ठेवून मारू नका, इथेच हलकी वेगळी आहे. गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकायला लागते, तुमच्या वजनात दोन मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात ती कुठल्या दिशेने उसळते ते तुम्ही कशी धरली आहे त्यावर ठरतं. जड रायफल हे माफ करते, हलकी नाही. पुढचा हात दस्त्याच्या पुढच्या भागावर ठेवून नीट पकडा, मागे खांद्यात सारखाच दाब ठेवा, प्रत्येक वेळी तसंच. आणि नळीला काहीही टेकू देऊ नका, टेकू नेहमी दस्त्याला.

निशाण_काका
आणि पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढत बसू नका. बारीक नळी तिसऱ्या बारानंतर तापते आणि गोळ्या जागा सोडून पडायला लागतात. तीन मारा, बोल्ट उघडा ठेवा, नळी हाताला गार लागेपर्यंत गप्पा मारा. शिकारीला गार नळीचा पहिला बारच महत्त्वाचा, तेव्हा ते पहिलं भोक कुठे पडतं ते प्रत्येक वेळी वेगळं लिहून ठेवा.

शेवटी शिकारीत जसे बसणार तसे मारून बघा. सॅकवरून, बसून, चढावर. चढावर वर नेम धरलात की डोकं नकळत पुढे सरकतं आणि स्कोप जवळ येतो. डोळ्यापासून ९ सेंटिमीटर तरी अंतर राहील असा बसवा, आणि बसवताना रायफल वर तिरकी धरूनच तपासा.

चढणवाला
काका, शेवटचं हे स्कोप बसवणाऱ्यालाच वाचून दाखवतो. पॅड आलं की रेंजवर जातो.

तांबडीमाती
डमी काडतुसं घेऊन जा म्हणजे झालं. आणि तुमची डुबकी किती खोल जाते ते इथे लिहा. 😀